टीबीच्या गोळ्या आणि लिव्हर : धोका नेमका कुणाला जास्त?

निशिगंध

माझ्या दिरांना फुप्फुसाचा टीबी निघाला आहे. वय पन्नाशीच्या आसपास, वजन ४२ किलो, आणि पिण्याची सवय जुनी. सरकारी दवाखान्यातून चार औषधांची एकत्रित गोळी सुरू झाली, वजनाप्रमाणे रोज तीन. डॉक्टर म्हणाले, "यांच्या लिव्हरकडे लक्ष ठेवावं लागेल, एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, करून आणा." त्याच दिवशी आशाताईंनी बजावलं, "काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही." दोन्ही पटतं. पण उद्या कावीळ झालीच तर यातलं कुणाचं ऐकायचं?

सासूबाईंचं म्हणणं, या गोळ्या गरम पडतात, सोबत काढा सुरू करा. दीर म्हणतात, मी दारू सोडली की लिव्हरचा प्रश्नच मिटला. ओपीडीत रांग एवढी असते की चार प्रश्न विचारायलाही जमत नाही, म्हणून इथे विचारते. लिव्हरला त्रास होण्याची शक्यता कुणाला जास्त असते? ज्यांनी घरात हे उपचार पाहिलेत किंवा या क्षेत्रात काम करतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

लालपरी

ताई, धीर धरा. माझ्या आत्याने सहा महिने गोळ्या घेतल्या, काहीही झालं नाही. आता शेतात जाते.

कृष्णाकाठ

मी तालुक्याला टीबीच्या कार्यक्रमात पर्यवेक्षक आहे, डॉक्टर नाही. रोज जे पाहतो ते सांगतो.

त्या गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल अशी चार औषधं आहेत. इथॅम्ब्युटॉल डोळ्यांसाठी जपायचं, लिव्हरच्या बाबतीत ते जवळपास निर्धोक. उरलेली तिन्ही लिव्हरला त्रास देऊ शकतात आणि त्यांत पायराझिनामाइड सगळ्यात त्रासदायक. पहिले दोन महिने चारही औषधं असतात, नंतरच्या चार महिन्यांत पायराझिनामाइड निघतं. त्रास बहुतेक वेळा पहिल्या दोन महिन्यांतच होतो. तेव्हा दिरांकडे आत्ताच बारीक लक्ष हवं.

धोका कुणाला जास्त, तर पहिलं वय. पस्तिशीनंतर तो वाढत जातो. दुसरं दारू. आधीपासून सिऱ्हॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं) किंवा लिव्हरचा दुसरा आजार, हिपॅटायटिस बी किंवा सी, एचआयव्ही. बायकांमध्ये प्रमाण थोडं जास्त दिसतं असं बरेच अभ्यास सांगतात, सगळे नाही. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने जपण्याचे. फिट्सच्या गोळ्या किंवा संधिवाताचं मेथोट्रेक्सेट सुरू असेल तर तेही.

आणि ज्याकडे कुणी बघत नाही ते म्हणजे कुपोषण. दिल्लीच्या एम्समध्ये झालेला २००२ चा एक अभ्यास आहे. ज्यांना लिव्हरचा त्रास झाला त्यांच्यात वय जास्त, रक्तातलं अल्ब्युमिन (लिव्हरमध्ये बनणारं प्रथिन) ३.५ च्या खाली आणि फुप्फुसात आजार खूप पसरलेला, या गोष्टी ठळक दिसल्या होत्या. तुमच्या दिरांचं वजन ४२, वय पन्नास, दारू जुनी. दारू सोडली हे फार चांगलं, पण त्याने तीनपैकी एकच गोष्ट कमी झाली, हे त्यांना नीट समजावून सांगा.

गवतीचहा

आधुनिक औषधं लिव्हर खराब करतात आणि मग त्याच लिव्हरसाठी आणखी औषधं देतात. गुळवेल, भुईआवळा, कुटकी यांनी यकृताचं रक्षण होतं हे आपल्याकडे शेकडो वर्षं माहीत आहे. सासूबाई बरोबर सांगताहेत. गोळ्या बंद करू नका, पण काढा द्यायला काय हरकत आहे?

स्टेथो

हरकत आहे, आणि ती कळकळीने सांगतो. मी फिजिशियन आहे.

गुळवेलीबद्दलच बोलू. करोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे सुरू होते. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, तो वाद बाजूला ठेवू. मुद्दा असा की टीबीचा रुग्ण आधीच लिव्हरवर ताण देणारी तीन औषधं घेत असतो. त्यात काढा सुरू केला आणि एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) चारशेवर गेलं, तर दोष गोळीचा की काढ्याचा हे ओळखता येत नाही. मग सगळंच थांबवावं लागतं आणि टीबीचा उपचार लांबतो. गवतीचहा, तुमच्या श्रद्धेचा मान ठेवून सांगतो, हे सहा महिने काढा नको. बाजारात मिळणाऱ्या लिव्हर टॉनिकांचंही तेच, त्यांनी ही इजा टळते असा भक्कम पुरावा नाही.

अंगदुखीच्या गोळ्यांचंही विचारा. मनाने घेतलेली पॅरासिटामॉल आयसोनियाझिडसोबत आणि दारूच्या पार्श्वभूमीवर जास्त धोकादायक ठरते. ताप आला तरी विचारूनच घ्यावी.

चिंतामणी

दिरांना माझा निरोप द्या : किडन्या दोन असतात, लिव्हर एकच. त्याचा मान ठेवा. :)

पळसफूल

आमच्या आईला चार वर्षांपूर्वी फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, टीबीचंच. तिने आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी लिव्हरला त्रास झाला. म्हणून मुद्दाम लिहितेय, दारू न पिणाऱ्यांनी गाफील राहू नये.

तिसऱ्या आठवड्यात तिचं जेवण तुटलं. फोडणीचा वास आला की ती पदर नाकाला लावून बाहेर ओट्यावर जाऊन बसायची. चहासुद्धा नको. सगळ्यांनी सांगितलं, गोळ्या गरम पडतात, ताक द्या, होईल कमी. मग उलट्या सुरू झाल्या. लघवी लालसर होतीच, पण ती पहिल्या दिवसापासून तशी होती, रिफाम्पिसिनमुळे होते हे आम्हाला सांगून ठेवलं होतं. त्यामुळे रंग गडद झाला तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. डोळे पिवळे झालेले मावशीने ओळखले, तेही सकाळी अंगणात वेणी घालताना. घरात ट्यूबलाइटच्या उजेडात ते कळतच नव्हतं.

एसजीपीटी ६४० आलं. सगळ्या गोळ्या बंद झाल्या. आई खूप घाबरली, म्हणाली आता टीबी पुन्हा चढेल. पण डॉक्टरांनी मधल्या काळासाठी लिव्हरला न लागणारी औषधं दिली. रिपोर्ट खाली आल्यावर एकेक औषध परत सुरू केलं, आधी रिफाम्पिसिन, काही दिवस तपासणी, मग आयसोनियाझिड. पायराझिनामाइड पुन्हा दिलंच नाही, म्हणून उपचार नऊ महिने चालला. आई बरी झाली, आता नातवाला शाळेत सोडायला जाते.

लालपरी

पळसफूल, ट्यूबलाइटचं हे मला माहीतच नव्हतं. आत्याच्या घरी सांगते.

स्टेथो

पळसफूल यांची पोस्ट निशिगंधताईंनी सेव्ह करून ठेवावी. डोळे दिवसाच्या उजेडात, खालची पापणी ओढून आणि वरच्या पापणीखालचा पांढरा भाग बघून तपासायचे. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, अश्रू नारिंगी होतात, पण डोळ्याचा पांढरा भाग पिवळा होत नाही. आणि कावीळ ही तशी उशिराची खूण आहे. त्याआधी भूक जाते, मळमळ होते, उजव्या बरगडीखाली दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं. तिथेच पकडलं पाहिजे.

दारू न पिणाऱ्यालाही का होतं, त्याचं एक कारण जन्मजात आहे. आयसोनियाझिड पचवणारं एक एन्झाइम कुणात वेगाने काम करतं, कुणात सावकाश. सावकाशवाल्यांच्या शरीरात औषध आणि त्यापासून बनणारी हायड्राझिनसारखी घातक द्रव्यं जास्त वेळ राहतात, म्हणून त्यांना धोका जास्त. भारतात निम्म्याहून अधिक लोक या सावकाश गटातले आहेत. त्याची तपासणी रोजच्या उपचारात होत नाही, त्यामुळे "मला काही होणार नाही" असं कुणीच धरून चालू नये.

हडसनतीर

न्यू जर्सीहून. इथे नोकरीच्या वेळी माझी टीबीची चाचणी पॉझिटिव्ह आली, आजार नव्हता, फक्त सुप्त संसर्ग. भारतातून आलेल्या खूप जणांचं असं निघतं. मला चार महिने नुसतं रिफाम्पिसिन दिलं. मी विचारलं, आयसोनियाझिड का नाही? डॉक्टरांनी तो इतिहास सांगितला, तो मला फार मोलाचा वाटला.

आयसोनियाझिड १९५२ साली आलं तेव्हा ते इतकं गुणकारी होतं की त्याच्या लिव्हरवरच्या परिणामांकडे बरीच वर्षं फारसं लक्ष गेलं नाही. मग १९७० मध्ये वॉशिंग्टनच्या कॅपिटल हिल भागात टीबीची साथ आढळली आणि २,३२१ लोकांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड दिलं गेलं. हे लोक टीबीने आजारी नव्हते, ऑफिसात काम करणारी चालती-फिरती माणसं. त्यांतल्या १९ जणांना लिव्हरचा आजार झाला, दोघे दगावले. त्यानंतर मोठे सरकारी अभ्यास झाले आणि वय वाढतं तसा धोका वाढतो हे स्पष्ट झालं. विशीच्या आतल्यांत तो जवळपास नव्हता, पन्नाशीपुढे शंभरात दोनच्या वर.

मिरजकर_आबा

माझं वय ७८. मिरजेच्या परिसरात वाढलो, टीबीचे रुग्ण लहानपणापासून पाहिले. तेव्हा स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं असत, वर्ष-दीड वर्ष चालत, आणि काहींच्या कानात दडे बसत. सॅनेटोरियमच्या व्हरांड्यात खाटा मांडलेल्या. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिलं की घरी राहून औषध घेणारा गरीब रुग्णही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो. त्यानंतर टीबी घरात आला, म्हणजे उपचार घरात आला. आमच्या पिढीला त्याचं केवढं अप्रूप होतं! माझा चुलतभाऊ त्याच काळात वाचला. त्याला रोज दोन अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू मिळावेत म्हणून काकूने हातातल्या पाटल्या मोडल्या.

खाण्याचं कृष्णाकाठ म्हणाले ते शंभर टक्के खरं आहे.

शेवंती

आबा, तुम्ही अजून लिहा. वेगळा धागा काढा हवं तर.

खाण्यावरून : टीबीच्या रुग्णाला सरकारकडून मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे २०१८ मध्ये महिना ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झालेत. थेट बँक खात्यात येतात. दिरांचं खातं आधारला जोडलेलं आहे का ते आत्ताच बघा. आमच्या शेजाऱ्यांचे पैसे त्यावाचून अडकले आणि आले तेव्हा निम्मा उपचार संपला होता.

रोखठोक

सरसकट एलएफटीचं मला पटत नाही. लाखो रुग्णांना दर पंधरा दिवसांनी सुई टोचून प्रयोगशाळांचंच भलं होतं. एसजीपीटी जरा वाढलं की लोक घाबरून गोळ्या सोडतात आणि औषधांना न जुमानणारा टीबी तयार होतो. ते नुकसान लिव्हरच्या त्रासाहून मोठं आहे. टीबीने माणसं मरतात, हे या धाग्यावर विसरलं जातंय.

लॅबवाली

रोखठोक, मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. घाबरून गोळ्या सोडण्याचा तुमचा मुद्दा खरा आहे, असे लोक मी काउंटरवर पाहते. रिपोर्टवर आकडा ठळक छापलेला दिसला की तोंड उतरतं. म्हणून आकड्यांचा अर्थ इथे लिहिते.

एसजीपीटीची वरची मर्यादा साधारण ४० धरा, लॅबप्रमाणे थोडी बदलते. आयसोनियाझिड घेणाऱ्या शंभरातल्या दहा ते वीस जणांचं एन्झाइम थोडं वाढतं आणि गोळ्या सुरू असतानाच आपोआप उतरतं. लिव्हर त्या औषधाला सरावतं. त्यासाठी काहीही थांबवायचं नसतं. थांबवण्याची रेघ अशी : मळमळ, उलटी, कावीळ अशी लक्षणं असतील तर मर्यादेच्या तिप्पट, म्हणजे १२० च्या पुढे. लक्षणं नसतील तर पाचपट, २०० च्या पुढे. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००६ मध्ये हे आकडे मांडले आणि आपल्याकडचे डॉक्टरही साधारण हेच धरतात. ८५ आलं म्हणून गोळ्या नाल्यात टाकू नका, डॉक्टरांना दाखवा.

कृष्णाकाठ

रोखठोक आणि लॅबवाली दोघांचंही मान्य. सरसकट सगळ्यांची वारंवार तपासणी करायला कुणी सांगत नाही. धट्टाकट्टा पंचविशीचा मुलगा असेल तर लक्षणांवर लक्ष पुरतं. पण पन्नाशीचा, ४२ किलोचा, पिणारा माणूस असेल तर सुरुवातीची एलएफटी हवीच आणि पहिल्या दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा हवी. सुरुवातीचा रिपोर्ट नसेल तर नंतर वाढलेलं एसजीपीटी दारूचं की गोळीचं, हे कसं सांगणार?

हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणीही एकदा करून घ्या. एचआयव्हीची कार्यक्रमात होतेच.

कोकणकडा

आमच्याकडे पावसाळ्यात दूषित पाण्याची कावीळ येते. दोन वर्षांपूर्वी वाडीत टीबीच्या एका पेशंटला कावीळ झाली, सगळ्यांनी गोळ्यांना दोष दिला, तपासणीत हिपॅटायटिस ई निघाला. त्याच विहिरीवरच्या आणखी चार घरांत कावीळ होती.

आणि ती कावीळ उतरवण्याची माळ! तो माणूस आठवडाभर माळ घालून बसला होता, माळ मोठी होत गेली की कावीळ उतरली म्हणायचं. त्या आठवड्यात टीबीच्या गोळ्या सुरूच होत्या, कारण चुकवू नका असं सांगितलेलं. शेवटी ग्लानीत गेल्यावर जिल्ह्याला हलवला. वाचला, पण थोडक्यात.

स्टेथो

कोकणकडा यांनी मूळ प्रश्नावर बोट ठेवलं. हिपॅटायटिस ए आणि ई तपासल्याशिवाय गोळ्यांवर शिक्का मारू नये, हे बरोबर. पण कारण काहीही असो, कावीळ दिसल्यावर लिव्हरला लागणाऱ्या गोळ्या घेत राहणं घातक. माळ, नाकात थेंब, बिनमिठाचं पथ्य यांत जे दिवस जातात तेच दिवस माणूस वाचवण्याचे असतात.

निशिगंध

सगळ्यांचे मनापासून आभार. एलएफटी आली, एसजीपीटी ५८, अल्ब्युमिन ३.१. हिपॅटायटिसच्या तपासण्यांचे रिपोर्ट यायचेत. काढा थांबवला. सासूबाई नाराज झाल्या, पण पळसफूल यांची पोस्ट वाचून दाखवल्यावर गप्प झाल्या.

आणखी दोन गोष्टी कळल्या. कंबरदुखीसाठी दीर मेडिकलमधून कसल्या तरी गोळ्या रोज घेत होते, पाकीट घेऊन जाऊन डॉक्टरांना दाखवणार आहे. आणि दारू सोडल्यापासून हात थरथरतात, रात्री झोप नाही, दचकून उठतात. हेही गोळ्यांमुळे का?

स्टेथो

ताई, हे उद्यावर टाकू नका, आजच दाखवा. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली की अशी थरथर होते, आणि पुढे फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्यावर उपचार आहे. पण त्यातली काही औषधंही लिव्हरमधूनच जातात, तेव्हा देणाऱ्या डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांबद्दल आधी सांगा. घाबरून पुन्हा प्यायला देऊ नका.

कृष्णाकाठ

आता तुमचा पहिला प्रश्न. आशाताई आणि डॉक्टर, कुणाचं ऐकायचं?

आशाताई जे सांगतात ते कंटाळा, विसर, गावाला जाणं, बरं वाटायला लागणं यांच्यासाठी आहे. पन्नासातले पंचेचाळीस जण याच कारणांनी सोडतात, म्हणून आम्ही तेच एक वाक्य घोकत असतो. पण सतत उलट्या, जेवणाचा तिटकारा, डोळे पिवळे, यांपैकी काही दिसलं तर त्या दिवशीची गोळी घ्यायची नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. गोळी न घेणं आणि दाखवायला जाणं, दोन्ही एकाच दिवशी. गोळी थांबवून घरी बसलात तर टीबी बळावतो. चारपैकी एक औषध आपल्या मनाने वगळून बाकीची चालू ठेवणं तर अजिबात नको, त्यातूनच औषधं निकामी होतात. दवाखाना बंद असेल तर निक्षयचा १८००-११-६६६६ हा टोल फ्री नंबर आहे.

हे मी आमच्या आशाताईंनाही सांगत असतो. त्यांना दोष नाही, त्यांना प्रशिक्षणात पहिली ओळ मिळते, दुसरी मिळेलच असं नाही. तुमच्या आशाताईंना हा धागा दाखवा.

रोखठोक

हे पटलं. "न घेणं आणि दाखवणं एकाच दिवशी" हे वाक्य गोळ्यांच्या पाकिटावर छापायला हवं.

निशिगंध

संध्याकाळी घेऊन गेले होते. थरथरीवर औषध मिळालं, कंबरदुखीच्या गोळ्या बंद केल्या. एलएफटी पुन्हा पंधरा दिवसांनी. आशाताईंनी धागा वाचला आणि मोबाइलवर फोटो काढून घेतला.

अजून एक, घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या देणार म्हणाले. हडसनतीर यांनी लिहिलेलं वाचून आता त्याचीही धास्ती वाटते. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत.

स्टेथो

धास्ती नको, पण विचारून घ्या. आधी सगळ्यांना टीबी नाही याची खात्री करतील, मोठ्यांचा एक्स-रे काढतील. आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन देण्याची पद्धत आता आहे. २०११ च्या मोठ्या अभ्यासात तिच्यात लिव्हरचा त्रास ०.४ टक्के लोकांना झाला, तर नऊ महिने रोज आयसोनियाझिड घेणाऱ्यांत २.७ टक्क्यांना. मुलं आणि तुम्ही दोघं असाल तर फारसा प्रश्न नाही. सासूबाईंचं वय बघता त्यांची एलएफटी आधी करा, आणि त्यांचा स्वतःचा काढा सुरू असेल तर तोही डॉक्टरांना सांगा.

निशिगंध

सुरू आहे. आज कळलं. सांगते.